चौकशीबाईंचं पान

१

बुधवारी सकाळी सव्वासातला लाइनमनच्या घरातून त्याच्या बायकोचा आवाज नाहीसा झाला. बायको जाऊन अकरा महिने झाले होते. आवाज तेवढा मागे राहिला होता.

ती तीस वर्षं टेलिफोन कचेरीत चौकशीच्या टेबलावर होती. लोक नाव सांगायचे, ती नंबर सांगायची. गल्लीत तिला चौकशीबाई म्हणत. तो त्याच कचेरीत खांबांवर चढून बिघाड शोधायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्याचं नाव लाइनमनच राहिलं.

शेवटच्या महिन्यांत अंथरुणात बसून तिनं ऐंशी छोटे तुकडे बोलून ठेवले होते. पंपाचा वायसर कुठल्या खणात आहे, कुठल्या नणंदेला आपणहून फोन करायचा आणि कुठलीचा आला तरी घ्यायचा नाही, असलं सगळं. मधेमधे नवऱ्याची यथेच्छ खरडपट्टी. ज्येष्ठांच्या कॉम्प्युटर वर्गात ती दोन वर्षं जात होती, तिथं शिकून तिनं त्या तुकड्यांचं एक पान केलं. टॅबलेटवर 'चौकशी डॉट घर' असं लिहिलं की एक ते ऐंशी आकडे यायचे. आकडा दाबला की ती बोलायची. पहिल्याच तुकड्यात तिनं बजावलं होतं, "आठवड्याला एकच ऐकायचा. अधाशीपणा जेवताना करता तेवढा पुरे."

सत्तेचाळीस बुधवार झाले होते. आज अठ्ठेचाळिसावा.

त्यानं चहा ओतून घेतला, नाव लिहिलं. पडद्यावर ओळ आली: या नावाचा पत्ता सापडत नाही.

पुन्हा लिहिलं. पुन्हा तीच ओळ. टॅबलेट बंद करून चालू केला. चहावर साय धरली. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा लिहिलं.

"बाबा, काय चाललंय?" सून आत आली. ती घरातूनच शाळेच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची.

"नेट गेलंय."

"छे हो. काल दुपारपासून तर झकास चाललंय. पानं कशी पटापट उघडतायत! इतके दिवस मुलं ओरडायची, मॅडम, तुमचं पान कधी येणार."

त्यानं बातम्यांचं पान उघडलं. उघडलं, आणि खरंच पटकन उघडलं. हवामानाचं उघडलं. फक्त बायकोचं उघडेना.

मुलगा टेबलापाशी उभा राहून जेवणाचा डबा पिशवीत घालत होता. तो जवळच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होता. "जुनं पान होतं, बाबा. कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर असेल. त्यांनी बंद केलं असेल. होतं असं."

"आणि राहिलेले तेहेतीस?"

"त्यात टाकीची साफसफाई आणि गॅसची नळीच आहे सगळी. आईचं तेच ते. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"जिवाला लावू नको? या घरात मला सगळं शेवटीच कळतं. तिचं दुखणंही शेवटीच कळलं. दोन महिने आधी कळलं असतं तर—"

हे वाक्य घराला पाठ होतं. सून भांडी विसळायला वळली. मुलगा बुटाची नाडी बांधायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग पिशवी खांद्याला लावून गेला.

लाइनमन पुन्हा पडद्यासमोर बसला. चाळीस वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता. घंटी वाजते आणि कुणी उचलत नाही, हा एक बिघाड. असा नंबरच अस्तित्वात नाही, हा दुसरा. दोन्हींची गल्लत करणारा माणूस दिवसभर चुकीच्या खांबावर चढून बसतो.

यंत्र म्हणत होतं, असं नावच नाही. मागच्या बुधवारी ते होतं.

म्हणजे मशीन बंद पडलं नव्हतं. यादीतून कुणीतरी नाव काढलं होतं.

२

वरच्या मजल्यावर एक भाडेकरू बाई राहायची. चौकशीबाई गेल्यानंतर ती राहायला आली. जमिनीच्या मोजणीचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायची, म्हणून नकाशेवाली. घरातलंच नेट ती वापरायची. लाइनमननं दार वाजवलं तेव्हा ती दात घासत होती.

"काका, दोन मिनिटं."

"दोन नको, एकात ये."

ती खाली आली, टॅबलेट मांडीवर घेतला आणि ओळ वाचून म्हणाली, "हे डीएनएसचं आहे."

"मराठीत सांग."

"नेटवर प्रत्येक ठिकाणाला आकड्यांचा पत्ता असतो. आपण आकडे लक्षात ठेवत नाही, नाव लिहितो. मग आपलं यंत्र आधी एका दुसऱ्या यंत्राला विचारतं, या नावाचा आकडा काय? ते सांगतं. मग पान उघडतं. त्या सांगणाऱ्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात."

लाइनमन चटकन म्हणाला, "चौकशीचं टेबल."

"अगदी तेच. आणि टेबलं पुष्कळ असतात. नेट देणाऱ्या कंपनीचं एक असतं, शिवाय सगळ्यांसाठी खुली मोठमोठी असतात. कुठलं वापरायचं ते आपण ठरवायचं. टेबलावरची बाई मंद असली तर नेट कितीही जोरात असो, प्रत्येक पान सुरू व्हायला अडखळतं."

"हिची तशी तक्रार होती," लाइनमन सुनेकडे बोट दाखवून म्हणाला.

"माझी पण होती," नकाशेवाली म्हणाली. "वेग मोजला की पूर्ण यायचा. पण पान सुरू होण्याआधी एक उसासा टाकायचं."

भिंतीवर नेटची मोठी पेटी होती. तिच्या पोटावर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशी. नकाशेवालीनं आपल्या लॅपटॉपवरून पेटीच्या आतलं पान उघडलं. तिथं दोन आकडी पत्ते होते.

"हे खुल्या टेबलांपैकी एक आहे. चांगलं आहे, वेगवान आहे. थांबा, मोजते." ती मोजत गेली. "हे बारा मिलिसेकंदांत उत्तर देतं. कंपनीचं नऊमध्ये. म्हणजे या घरासाठी कंपनीचंच जास्त जवळचं. पण माणूस नाव ऐकून मोठं तेच निवडतो."

"आणि आधी कुठलं होतं?"

"ते पेटी सांगत नाही. बदललं की जुनं पुसतं. कुणी बदललं तेही सांगत नाही."

"पण बदललंय."

"बदललंय, काका. काल दुपारी. ताई म्हणतायत ना, काल दुपारपासून पटापट उघडतंय."

काल मंगळवार. लाइनमन बोटं मोजायला लागला. काल दुपारी नेटवाला नवी वायर ओढायला आला होता आणि पेटीशी अर्धा तास खुडबुड करत होता. सून घरी होती. नकाशेवाली वर होती. मुलाची काल सुट्टी होती. नेटवाला सोडला तर तिघंही नेटवर वैतागलेले.

"मी नाही हो," सून म्हणाली. "मी फक्त माझ्या लॅपटॉपला बदललं होतं, तेही महिन्यापूर्वी, आणि काही फरक पडला नाही म्हणून परत होतं तसं केलं. तुमची शपथ."

"माझी कशाला घालतेस? एवढीच माणसं उरलीत घरात."

अकराच्या सुमारास त्यानं नेटवाल्याला बोलावणं धाडलं. मुलाला लॅबमध्ये फोन करून सगळं सांगितलं, कुणीतरी पेटीत हात घातलाय, आज मी त्याला धरतोच. पलीकडे मुलगा एवढंच म्हणाला, "बरं."

फोन ठेवल्यावर लाइनमनला एकदम आठवलं. बिघाड असला की त्याच लाइनवर दुसरं यंत्र लावून बघायचं असतं. आणि दुसरं यंत्र कपाटात पडलं होतं.

३

बायकोचा फोन तिच्या साड्यांच्या खाली होता. दर रविवारी तो चार्जिंगला लावायचा, महिन्याचं रिचार्जही भरायचा. कुणाचा फोन येणार नव्हता, तरी लावायचा.

फाटकातून नेटवाला आत येत होता तेव्हा लाइनमननं ओसरीवर उभं राहून त्या फोनवर 'चौकशी डॉट घर' लिहिलं.

एक उसासा. मग आकडे आले. एक ते ऐंशी.

"उघडलं!" तो इतक्या जोरात ओरडला की सुनेनं खिडकीतून डोकं काढलं आणि वर्गातली मुलं विचारू लागली, मॅडम, काय उघडलं? नकाशेवाली जिन्यावरून उड्या मारत आली. मुलगा तेवढ्यातच फाटकाशी स्कूटर लावत होता. "डबा विसरलो," तो म्हणाला.

लाइनमनचा अंगठा अठ्ठेचाळीसवर होता. दाबायचा फक्त.

दुसऱ्या कुणीही दाबला असता. पण चाळीस वर्षांची सवय आड आली. लाइन सुरू झाली की लाइनमन गप्पा मारत बसत नाही, आधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते बघतो. लाइन मधोमध तोडायची. अलीकडचं तपासायचं, पलीकडचं तपासायचं. बोलणं नंतर.

"हा फोन वेगळं टेबल विचारतोय," नकाशेवाली त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाली. "काकूंनी यात पत्ता हातानं भरून ठेवलाय. बघू दे." तिनं सेटिंग उघडलं आणि भुवया वर नेल्या. "काका, हा आकडा बाहेरचा नाही. असे आकडे घरातल्या घरातच वापरतात."

"घरातलाच?"

"चौकशीचं टेबल घरात कुठंतरी आहे. कदाचित ते पानही."

"बघून घेऊ." तो नकाशेवालीला घेऊन फाटकाबाहेर निघाला. मागे नेटवाला पाणी मागत आत गेला. मुलगाही आत गेला. खिडकीतून सुनेचा आवाज येतच होता, अपूर्णांक, छेद समान करा.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेल्यावर घरचं नेट तुटलं, मोबाइलचं लागलं. त्यानं नाव लिहिलं. पत्ता सापडत नाही. चार पावलं मागे आला, पुन्हा पुढे गेला, पुन्हा लिहिलं. सापडत नाही.

"झालं," तो म्हणाला. "बाहेर काहीच नाही. कुठल्याच कंपनीच्या मशीनवर नाही. ती घरातच आहे."

"मग दाबा की आता आत जाऊन."

तो जवळजवळ धावतच आला. फाटक ओलांडलं, घरचं नेट लागलं, नाव लिहिलं.

पांढरा पडदा. बराच वेळ पांढरा पडदा. मग काहीच नाही.

४

"बातम्या उघडा बरं यावर," नकाशेवाली म्हणाली.

बातम्याही उघडेनात. हवामानही नाही. बायकोच्या फोनवर आता काहीच उघडत नव्हतं. नकाशेवालीच्या फोनवर मात्र सगळं नीट चालू होतं.

"सकाळी टॅबलेटला टेबलावरची बाई म्हणत होती, असं नाव नाही," लाइनमन म्हणाला. "आता या फोनला टेबलावर बाईच नाही."

"अगदी तसंच. हा फोन एकाच ठिकाणी विचारतो आणि तिथं कुणी नाही. दहा मिनिटांत कुणीतरी ते यंत्र बंद केलंय."

लाइनमन आत येऊन भिंतीवरच्या पेटीकडे वळला. "पेटीला किती वायरी आहेत बघ."

चार भोकं होती. एकात बाहेरची लाइन. एकातून वायर वर जात होती. एकातून सुनेच्या खोलीत. चौथ्यातून एक पांढरी वायर भिंतीच्या कडेनं खाली उतरत होती. आजवर ती त्याला दिसलीच नव्हती, कारण त्याच्याच क्लिपा मारून ती बसवली होती आणि स्वतःच्या क्लिपा माणूस बघत नाही. पण जवळून बघितल्यावर कळलं, क्लिपा वाकड्या होत्या. हे त्याचं काम नव्हतं. हातोडी कधी न धरलेल्या माणसाचं होतं.

तो गुडघ्यांवर बसून वायरीमागोमाग रांगत निघाला. बोळातून, बुटांच्या फळीमागून, जुन्या फोनच्या कोनाड्यापर्यंत. काळा फोन तिथं शोभेला ठेवला होता. त्यानं फोन उचलला. मागे धुळीत साबणाच्या वडीएवढा स्वच्छ चौकोन होता. वायरीचं टोक लोंबत होतं. खाली प्लगमध्ये एक लहानसा चार्जर होता.

त्यानं चार्जरला हात लावला. गरम होता.

"एवढीशीच पेटी," नकाशेवाली कुजबुजली. "काकूंनी त्यात पान ठेवलं आणि तिलाच चौकशीला बसवलं. अख्खं घर नावं तिलाच विचारायचं. बाकीच्या नावांसाठी ती बाहेर कुठंतरी लांब विचारत असेल, म्हणून उसासा. काल कुणीतरी मोठ्या पेटीला सांगितलं, आता हिला विचारू नका. आज तिला उचलूनच नेलं."

"कुणी नेलं ते सांग."

"ते मला मोजता येत नाही, काका."

५

नेटवाला ओसरीवर बसून बिस्कीट खात होता. लाइनमननं त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"पिशवी उघड."

"काका!"

"चाळीस वर्षं मी पण पिशवी घेऊन लोकांच्या घरात जायचो. मलाही सांगितलं की उघडायचो. उघड."

नेटवाल्यानं पिशवी ओसरीवर उपडी केली. पक्कड, क्लिपा, चिकटपट्टी, एक सफरचंद. पेटी नव्हती.

"काल तू डीएनएस बदललास का?"

"आम्हाला परवानगीच नाही हो. आम्ही वायर बदलतो, दिवा हिरवा झाला की सही घेतो. उद्या कुणाचं पान नाही उघडलं तर शिव्या आम्हाला." तो बिस्कीट विसरला. "पण आत कोनाड्यातली पेटी म्हणत होतात ना? ती होती की. मी आत्ता बोळात पाणी प्यायलो तेव्हा फोनच्या मागे हिरवा दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, अजून जुना फोन चालू आहे की काय यांचा. मग मी पेला ठेवला आणि बाहेर येऊन बसलो. तुम्ही परत येईपर्यंत इथंच."

सुनेकडे गेला तर ती चिडूनच बसली होती. "मी वर्गात होते, बाबा! छत्तीस मुलं साक्षीला आहेत."

"रेकॉर्ड केलेला धडा पण लावता येतो म्हणे."

"मग रेकॉर्डमध्ये मी तुमच्यावर ओरडले कशी? तुम्ही फाटकाबाहेर पायात फक्त एकच चप्पल घालून चालला होतात. मी खिडकीतून ओरडले, चप्पल! ऐकलं नाहीत?"

त्यानं ऐकलं होतं. त्यानं पायाकडे बघितलं. अजून एकच होती.

"तो कुठाय?"

"लगेच गेला. पिशवी उचलली आणि गेला. जेवला पण नाही."

लाइनमननं दुसरी चप्पल शोधली, घातली आणि बाहेर पडला. सून मागून विचारत राहिली, कुठं निघालात, ऊन आहे. त्याला घरात उभं राहवत नव्हतं. चालताना तो लाइन तोडत गेला, अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

नकाशेवाली त्याच्यासोबत होती. नेटवाल्यानं दिवा पेटलेला बघितला आणि मग तो ओसरीवर, सुनेच्या खिडकीसमोर बसला. सून वर्गात. घरात आणखी एकच माणूस होता. तो डबा विसरलो म्हणून आला होता, आणि सकाळी लाइनमननं स्वतः त्याला डबा पिशवीत घालताना बघितलं होतं.

तरी त्याला पटेना. कारण काय? वेगवान नेट? त्यासाठी पेटी कुणी उचलून नेत नाही.

हॉस्पिटलच्या वळणावर तो थांबला. ज्याला आवाज नको होता त्यानं काल पेटी फोडली असती, निदान वायर ओढली असती. यानं फक्त यादीतून नाव काढलं होतं. पेटी चालू ठेवली, आत सगळं तसंच ठेवलं. म्हणजे त्याला ती मरायला नको होती. फक्त ती सापडायला नको होती. फक्त बापाला. आणि हे त्याला आजच्या बुधवारच्या आधीच उरकायचं होतं.

मग सकाळचं बोलणं आठवलं. राहिलेल्यांत टाकी आणि गॅसची नळीच आहे सगळी.

लाइनमननं सत्तेचाळीसच ऐकले होते. पुढच्या तेहेतिसांत काय आहे, हे ज्याला माहीत होतं त्यानं ते ऐकले होते.

६

लॅबच्या काचेपलीकडे मुलगा नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत होता. बापाला बघून त्यानं हातमोजे काढले, सहकाऱ्याला काहीतरी सांगितलं आणि बाहेर बाकावर येऊन बसला. पिशवी त्याच्या हातात होती. न विचारताच त्यानं डब्यामागून पेटी काढली. ती एका स्वच्छ रुमालात गुंडाळलेली होती.

"पुसणार होतास?" लाइनमननं विचारलं.

"काल दुपारी समोर बसलो होतो. दोन मिनिटांचं काम. तिचा आवाज सुरू झाला आणि नाही जमलं."

"मग फक्त अठ्ठेचाळिसावा पुसायचा होतास."

"मग तुम्ही सत्तेचाळीसनंतर एकोणपन्नास बघून मधला कुठंय म्हणून घराचा पाया खणला असतात." तो हसायला गेला, जमलं नाही. "तिचा पहिला रिपोर्ट या लॅबमध्ये आला, बाबा. माझ्याच हाताखालून गेला. मी नाव वाचलं आणि रजा टाकून घरी गेलो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, त्यांना सांगायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली."

"कधीची गोष्ट?"

"तुम्हाला कळायच्या दोन महिने आणि नऊ दिवस आधीची."

बाकासमोरून एक नर्स चाकांची खुर्ची ढकलत गेली. लाइनमननं पाय आत घेतले.

"जायच्या आधी तिनं मला पेटी दाखवली," मुलगा म्हणाला. "म्हणाली, अठ्ठेचाळिसाव्यात मी सांगून टाकलंय. त्याच्या आधी तूच सांग, तुझ्या तोंडून. अठ्ठेचाळीस आठवडे देते तुला. रोज ठरवायचो. तुम्ही ते वाक्य म्हणायचात, दोन महिने आधी, आणि माझा घास तोंडात फिरायचा. काल शेवटचा दिवस होता. नेट मंद आहे म्हणून सगळे बोलतच होते. मला वाटलं, नाव काढून टाकू. तुम्ही थोडे दिवस शोधाल आणि सोडून द्याल."

"मी सोडून देईन?"

"तेच चुकलं."

संध्याकाळी पेटी कोनाड्यात परत गेली. नकाशेवालीनं मोठ्या पेटीला पुन्हा सांगितलं की सगळी नावं आधी चौकशीबाईंना विचारायची. मग लहान पेटीत शिरून, बाहेरच्या नावांसाठी त्या ज्या लांबच्या टेबलाला विचारायच्या ते बदलून कंपनीचं जवळचं घातलं. "हा पत्ता कॉम्प्युटर वर्गातल्या वहीतून उतरवला असेल त्यांनी," ती म्हणाली. "आता दहामध्ये उत्तर येतं. उसासा गेला." ती वर निघून गेली. तिला थांब म्हणायला लागलं नाही आणि जा म्हणायलाही.

लाइनमननं अठ्ठेचाळीस दाबला. मुलगा आणि सून शेजारी उभे होते.

"ऐकताय ना? बसून ऐका. फेऱ्या मारू नका," बायको म्हणाली. लाइनमन बसला. "पोरानं सांगितलंच असेल एव्हाना. नसेल सांगितलं तर तो भित्रा आहे, तुमच्यावर गेलाय. रिपोर्ट मला आधी कळला होता. मीच त्याचं तोंड बंद केलं. मी दोन डॉक्टरांना विचारलं, दोघं एकच म्हणाले, दोन महिन्यांनी काही फरक पडणार नाही. तुम्हाला ते पटलं नसतं. तुम्ही दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे बिघाडासारखं बघितलं असतंत. सकाळी उठून तपासलं असतंत, रात्री झोपेतून उठवून तपासलं असतंत. ते दोन महिने आपण पडद्यांच्या रंगावरून भांडलो. आठवतंय? तुम्ही निळा म्हणालात आणि तीन दिवस अबोला धरलात. मला तेच हवं होतं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, मी आता कुठं जाणार आहे? बरं, दुसरं. मिक्सरचं झाकण—"

मिक्सरचं झाकण कसं बसवायचं ते तिनं चार मिनिटं सांगितलं. कुणी थांबवलं नाही.

आवाज थांबल्यावर सून आत गेली. मुलगा तिथंच उभा राहिला. नंतर म्हणाला, "बाबा, एक विचारू? मी त्या दिवशी येऊन तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही तिला ते दोन महिने जगू दिले असते का?"

लाइनमननं टॅबलेट पुसला, जागेवर ठेवला, खुर्ची आत सारली, पुन्हा बाहेर ओढली.

याला तीन आठवडे झाले. सुनेच्या वर्गात पानं झटकन येतात. बुधवारी मुलगा लॅबला उशिरा जातो, बापाशेजारी बसून एक तुकडा ऐकतो. 'दोन महिने आधी' हे वाक्य घरात पुन्हा कुणी ऐकलेलं नाही. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं मात्र राहिलं आहे.